जुन्या भावांची वही उघडा, मगच शेअरला हात लावा



लातूरच्या शिकवणी वर्गात शिकणारा विद्यार्थी मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवल्याशिवाय परीक्षेला बसत नाही. हे आपल्याकडे आता शेंबडे पोरही सांगेल. पण त्याच घरातला थोरला मुलगा मोबाईलवर डिमॅट खाते उघडतो, वडिलांच्या ग्रॅच्युइटीतले पन्नास हजार त्यात भरतो आणि ज्या शेअरचा मागच्या दहा दिवसांचा भावसुद्धा त्याने पाहिलेला नाही तो विकत घेऊन बसतो. का घेतला, असे विचारले तर उत्तर मिळते, “ग्रुपवर आला होता.” परीक्षेत नापास झाले तर पुन्हा बसता येते. रेल्वेत, एस.टी.त किंवा महापालिकेत तीस वर्षे झिजून मिळालेली रक्कम मात्र पुन्हा मिळत नाही.

म्हणून आजच्या सदरात शेअर घ्यावा की घेऊ नये, हा वाद घालायचा नाही. घ्यायचाच असेल तर त्याचे जुने भाव कोठे पाहावेत, ते खरे कसे ओळखावेत आणि नीट मांडून कसे ठेवावेत, एवढेच पाहायचे आहे. नांदेड-लातूरकडच्या कष्टकरी कुटुंबांना ही माहिती पैसे देऊन विकत घेण्याची गरज नाही. ती फुकट मिळते. फक्त ती मागायची कोठे, हे माहीत हवे.

सोयाबीनने शिकवलेला धडा

जुना भाव का पाहावा, हे आपल्या भागातल्या माणसाला शेअरपेक्षा सोयाबीनवरून लवकर कळेल. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. तो आकडा सर्वांच्या डोक्यात असा बसला की, पुढची कित्येक वर्षे ‘दहा हजार होईल’ म्हणून लोकांनी माल घरात ठेवला. प्रत्यक्षात त्याच वर्षी नवा माल बाजारात येताच भाव झपाट्याने उतरला. २०२४ च्या हंगामात तर ४,८९२ रुपयांचा हमीभाव जाहीर असताना खुल्या बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. ज्याला फक्त एक आकडा आठवत होता तो फसला. ज्याने दहा वर्षांचे भाव ओळीने लिहून पाहिले असते त्याला दिसले असते की, दहा हजार हा नेहमीचा भाव नव्हे, तो एका हंगामातला उसळलेला भाव होता.

शेअर बाजारातही हेच चालते. सेन्सेक्सची जुनी पाने उलटून पाहा. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर गेला होता. हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले आणि वर्षभरात तो निम्म्याच्याही खाली आला. जानेवारी २००८ मध्ये तो २१,००० वर होता, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९,००० च्या खाली उतरला. २०१० च्या दिवाळीत तो पुन्हा २१,००० ला टेकला आणि परत फिरला. ती पातळी मागे टाकून पुढे जायला २०१३-१४ साल उजाडले. जानेवारी २०२० मध्ये तो ४२,००० वर होता. कोरोनाच्या भीतीने २३ मार्च २०२० रोजी एकाच दिवसात ३,९०० हून अधिक अंशांनी कोसळून २६,००० च्या खाली आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ४७,००० च्या पुढे गेला.

यातून घरासाठी निघणारा अर्थ साधा आहे. ज्याला मार्च २०२० मध्येच मुलीची फी भरायची होती त्याला पडत्या भावात विकावे लागले. ज्याला वर्षभर थांबता येत होते तो वाचला. २००८ साली उंचीवर पैसे टाकणाऱ्याला मात्र वर्ष नव्हे, पाच-सहा वर्षे थांबावे लागले. तेव्हा ज्या पैशाची गरज दोन-तीन वर्षांत पडणार आहे तो पैसा येथे टाकू नये. हे आम्ही सांगतो म्हणून मानू नका. जुने आकडे तेच सांगतात.

आकडे आधी, मत नंतर

आकड्यांची ही शिस्त आपल्या समाजाला परकी नाही. परदेशातून परत आल्यावर आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअरविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि तो व्यवसाय बंद पडला. अडचण ज्ञानाची नव्हती, जातीची होती.

पुढे १९२३ साली त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात रुपयाची कहाणी त्यांनी नुसत्या युक्तिवादाने सांगितलेली नाही. चांदीचे भाव, हुंडणावळीचे दर, वस्तूंच्या किमती अशा वर्षावार तक्त्यांच्या आधाराने ती उभी केली आहे. १८७० च्या दशकाच्या आरंभी जवळजवळ दोन शिलिंग किमतीचा रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर कसा घसरला, हे त्या आकड्यांत ओळीने दिसते. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तिच्यामागेही हाच अभ्यास होता. आधी जुने आकडे तपासायचे, मग मत बनवायचे, ही ती रीत. ग्रुपवर आलेला निरोप वाचून पैसे टाकणे ही तिच्या उलटी रीत आहे.

अस्सल नोंद कोठे मिळते

आता मुद्द्याचे. जुने भाव सांगणारी ठिकाणे पुष्कळ आहेत, पण मूळ दप्तर दोनच ठिकाणी आहे. एक मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, १८७५ साली स्थापन झालेला. दुसरा राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, ज्यावर शेअरचे व्यवहार ३ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाले. बाकीचे सारे यांच्याकडूनच आकडे घेतात. सातबारा तलाठ्याच्या दप्तरातला खरा, चावडीवरच्या गप्पांतला नव्हे. तसेच हे आहे.

दोन्ही बाजार रोज व्यवहार संपल्यावर एक फाइल प्रसिद्ध करतात. तिला ‘भावकॉपी’ म्हणतात. त्या दिवशी ज्या ज्या शेअरचा सौदा झाला त्या प्रत्येकाची एक ओळ तीत असते : उघडता भाव, दिवसातला सर्वात वरचा, सर्वात खालचा, बंद भाव, आदल्या दिवशीचा बंद भाव, किती शेअर विकले गेले आणि एकूण किती रुपयांची उलाढाल झाली. बाजाराच्या संकेतस्थळावर तारीख टाकून जुन्या दिवसाची भावकॉपी उतरवून घेता येते. एकाच कंपनीचे भाव हवे असतील तर कंपनीचे नाव आणि ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असे सांगून पूर्ण तक्ता मिळतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत. १९९४ च्या आधीचा भाव मात्र एनएसईवर शोधू नये. त्यासाठी बीएसईच्या नोंदी पाहाव्यात.

एक सूचना. २०२४ साली या फाइलींची मांडणी बदलली. रकान्यांची नावे आणि क्रम आता पूर्वीसारखा नाही. जुनी आणि नवी फाइल एकाखाली एक चिकटवताना कोणता रकाना कशाखाली येतो ते तपासावे, नाहीतर उघडत्या भावाखाली बंद भाव जाऊन बसायचा.

याहू फायनान्ससारखी संकेतस्थळे आणि दलालांची ॲपे वापरायला सोपी आहेत. तेथील आलेख पाहण्यास हरकत नाही. पण कधी एखादा दिवस गळालेला असतो, कधी बोनसचा हिशेब चुकलेला असतो. म्हणून तेथून घेतलेल्या तक्त्यातले पाच-दहा दिवस निवडावेत आणि मूळ भावकॉपीशी ताडून पाहावेत. जुळले तर पुढे जावे. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुला-मुलींनी आपल्या महाविद्यालयात किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ‘प्रोवेस’सारखा कंपन्यांच्या माहितीचा संग्रह पाहायला मिळतो का, याचीही चौकशी करावी. असे संग्रह विकत घेणे घरच्या माणसाला परवडत नाही.

खऱ्या आकड्यांतही फसगत होते

आकडा खरा असला म्हणजे अर्थ खरा निघतोच असे नाही. चार ठिकाणी नवखा माणूस हमखास चुकतो.

पहिले ठिकाण बोनस आणि विभाजन. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टेट बँकेच्या १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे १ रुपयाचे दहा शेअर झाले. भाव २,९०० च्या घरातून एकदम २९० च्या घरात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला आणि भाव सुमारे २,६५० वरून १,३३० च्या आसपास आला. नुसता भावाचा तक्ता पाहणाऱ्याला वाटेल की, बँक बुडाली, कंपनी अर्ध्यावर आली. प्रत्यक्षात ज्याच्याकडे १०० शेअर होते त्याच्याकडे रिलायन्सचे २०० झाले. आधी २,६५० गुणिले १००, म्हणजे २ लाख ६५ हजार. नंतर १,३३० गुणिले २००, म्हणजे २ लाख ६६ हजार. गेले काहीच नाही. भावकॉपीत त्या दिवशीचा जसाच्या तसा भाव असतो. आलेखात बहुधा मागचे भाव नव्या हिशेबाने बदलून दाखवलेले असतात. दोन्ही खरे, पण एकाच वहीत त्यांची भेसळ करू नये. वहीत शेऱ्याचा रकाना ठेवावा आणि बोनस, विभाजन व लाभांशाच्या तारखा तेथे लिहाव्यात. या तारखाही बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर मिळतात.

दुसरे ठिकाण मेलेल्या कंपन्या. आजच्या यादीतल्या पन्नास मोठ्या कंपन्या घेऊन ‘वीस वर्षांपूर्वी यांत पैसे टाकले असते तर किती झाले असते’ असा हिशेब शिबिरांत दाखवतात. टाळ्या पडतात. पण त्या यादीत फक्त जगलेल्याच कंपन्या आहेत. हैदराबादची सत्यम घ्या. तिच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातला घोटाळा कबूल केला आणि एका दिवसात शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० च्या आसपास आला. २०१३ साली ती कंपनी टेक महिंद्रात विलीन झाली. आपल्या मराठवाड्यातल्या व्हिडिओकॉनचा टीव्ही एकेकाळी घरोघर होता. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२१ साली तिच्या शेअरचे व्यवहार थांबले. आजच्या यादीत ही दोन्ही नावे नाहीत, पण २००७ सालच्या भावकॉपीत आहेत. म्हणून त्या काळाचा अभ्यास त्या काळच्या यादीवरूनच करावा. शिवाय सत्यमचे ताळेबंद वर्षानुवर्षे चांगलेच दिसत होते, हेही विसरू नये. जुना भाव सावध करतो, हमी देत नाही.

तिसरे ठिकाण नाव बदलणे. इन्फोसिसचे बाजारातले संक्षिप्त नाव २०११ साली बदलले. जुन्या नावाने शोधणाऱ्याला नंतरचे भाव सापडणार नाहीत. ओळख पटवायला प्रत्येक शेअरला बारा अक्षरी क्रमांक असतो, त्याला आयसिन म्हणतात. तोही दर्शनी मूल्य बदलले की बदलतो. त्यामुळे नाव, संक्षिप्त नाव आणि आयसिन तिन्ही वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावे.

चौथे ठिकाण उलाढाल. भाव दिसतो म्हणजे गिऱ्हाईक आहेच असे नाही. लहानशा कंपनीचा शेअर रोज ठरावीक टक्क्यांनी चढताना दिसतो, पण दिवसभरात थोडेच शेअर विकले गेलेले असतात. घसरण लागली की, खालच्या मर्यादेला भाव अडकतो आणि विकायला निघालेल्याला घेणारा सापडत नाही. साधना ब्रॉडकास्ट या शेअरच्या बाबतीत यूट्यूबवरून खोट्या बातम्या पसरवल्याचे प्रकरण २०२२ सालचे. सेबीने त्यावर मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. अशा प्रकरणात भाव आणि उलाढाल दोन्ही अचानक फुगतात. वर्षभराचा तक्ता समोर असेल तर ती सूज साध्या डोळ्यांनाही दिसते.

वही कशी मांडावी

शंभर पानी आखीव वही चालेल, संगणक असेल तर उत्तमच. एका कंपनीला एक पान. रकाने असे : तारीख, उघडता, वरचा, खालचा, बंद, उलाढाल, शेरा. रोजचे भाव लिहिणे जमत नसेल तर दर आठवड्याच्या शेवटच्या दिवसाचा भाव लिहावा. दहा वर्षांचे पाचशे-सव्वापाचशे आकडे होतात. चार-पाच रविवारी घरातली सगळी मिळून सहज पुरे करतील. संकेतस्थळ इंग्रजीत आहे. घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला मोबाईल द्या, ती वाचेल, आई लिहील. यात मुलीचाही अभ्यास होतो आणि घरातल्या पैशाचे काय चालले आहे हे बाईमाणसालाही कळते.

वही भरली की खरे पैसे न टाकता वर्षभर कागदावर व्यवहार करून पाहावा. आज घेतला असे लिहायचे, विकला तेव्हा विकला लिहायचे, आणि प्रत्येक वेळी दलाली व सरकारी कर वजा करायचे. जुन्या आकड्यांवर एखादी युक्ती तपासत असाल तर एक पथ्य पाळा. त्या तारखेला जे कोणालाच माहीत नव्हते ते वापरू नका. मार्चअखेरचा वार्षिक ताळेबंद एप्रिल-मेमध्ये जाहीर होतो. तो वापरून १ एप्रिलची खरेदी ठरवणे म्हणजे उत्तरपत्रिका पाहून पेपर सोडवणे. असे केले की, कागदावर नफाच नफा दिसतो आणि बाजारात मात्र खिसा रिकामा होतो.

सर्वात मोठी जुनी नोंद

एका जुन्या नोंदीकडे मात्र तरुणांनी अवश्य पाहावे. ती कोणत्या एका शेअरची नाही, माणसांची आहे. फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींचा २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब सेबीने तपासला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. शंभरातले ९३ जण तोट्यात होते. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये आणि सर्वांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. २०२३-२४ मध्ये हे सौदे करणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांचे वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी होते, आणि ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते. म्हणजे बंगलेवाले थोडे आणि आपल्यासारख्या घरांतली मुलेच अधिक.

ज्या खेळात शंभरातले ९३ हरतात त्याची ‘हमखास युक्ती’ कोणी महिना हजार-दोन हजाराला विकत असेल, तर त्याच्याकडे तीन गोष्टी मागाव्यात. एक, सेबीचा नोंदणी क्रमांक. तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. दोन, तुम्ही दिलेल्या सगळ्या सल्ल्यांची तारीखवार यादी, फक्त जिंकलेल्यांची नव्हे. तीन, त्या यादीतले भाव. ते आपण घरी भावकॉपीशी ताडून पाहू, असे स्पष्ट सांगावे. यातली एक गोष्ट जरी तो देत नसेल तर चहा पाजून त्याला वाटेला लावावे.

माता-भगिनींना विनंती एवढीच की, बचत गटातून उचललेले कर्ज, मुलांच्या शिक्षणाची ठेव आणि निवृत्तीची रक्कम या बाजारात जाणार असेल, तर सही करण्यापूर्वी ‘याची वही दाखव’ असे म्हणा. वही नसेल तर पैसे पोस्टात किंवा बँकेत राहू द्या. शेअर बाजार पुढच्या वर्षीही उघडा असणार आहे. तोपर्यंत वही भरून होईल, आणि ती भरताना तुमच्या मुलाला आपल्याला हा धंदा झेपतो की नाही, हेही कळून चुकेल.

जयभीम.